माजाचा अभ्यास

दौंडहून शिरूरला जाणाऱ्या एस.टी.त माझ्या मांडीवर चादरीनं झाकलेला पिंजरा होता, आणि शेजारच्या तरुणाच्या मांडीवर भला मोठा थर्मास. दोघंही आपापलं ओझं जिवापाड सांभाळत होतो.

कंडक्टर थांबला. “बाई, आत काय हाय?”

“कॉलेजचं सामान.”

“आन् तुमच्या थर्मासात?”

“सरकारी माल,” तो म्हणाला.

तेवढ्यात माझ्या सामानानं चीं चीं केलं. कंडक्टर हसत पुढं गेला.

“उंदरं?” शेजारच्या तरुणानं हळूच विचारलं.

“पांढरी. सुट्टीतसुद्धा घरी न्यावी लागतात. आणि तुमचा सरकारी माल?”

“वळूचं रेत.” तो जराही लाजला नाही. “जनावरांच्या दवाखान्यात हाय मी. गाय माजावर आली की लोक बोलावत्यात. तुमची उंदरं काय करत्यात?”

“तेच...” माझे कान तापले. “मी माजाचाच अभ्यास करते.”

साल होतं १९७८. मी शिरूरच्या कॉलेजात शिकवत होते आणि पीएच.डी. करत होते. मुलींनी असलं बोलायचं नसतं, म्हणून घरी नुसतं ‘प्राण्यांचं काहीतरी’ असं सांगितलं होतं. त्याला मात्र सगळं सांगून टाकलं. अंडाशय काढलेली मादी नराला जवळ येऊ देत नाही. तिला आधी एस्ट्रोजन टोचायचं, दोन दिवसांनी प्रोजेस्टेरॉन; मग काही तासांत ती पाठ वाकवून राजी होते. नुसत्या दुसऱ्या सुईनं काही होत नाही. कारण प्रोजेस्टेरॉनला धरून ठेवणाऱ्या जागा मेंदूत असाव्या लागतात, आणि त्या वाढवायचं काम पहिलं हार्मोन करतं.

“म्हंजी आधी पाट मांडायचा, मग पाव्हणा.”

“अगदी!”

“आन् पाट न्हाई मांडला तर?”

“लाथ बसते.”

तो इतका हसला की पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघू लागली. “मग... आमचं कसं? पाट का लाथ?”

मी खिडकीबाहेर बघितलं. “सध्या उभेच राहा.”

त्याचं नाव ज्ञानदेव. त्या एस.टी.त आम्ही पुढं बरेचदा भेटलो — नेहमीच योगायोगानं नाही. उन्हाळ्यात तो वरवंडहून आईला घेऊन रीतसर मला बघायला आमच्या दौंडच्या घरी आला. जयभीम झाला, चहा झाला. मग त्याच्या आईनं, पुतळाबाईंनी विचारलं, “पोरी गिता, शिकवतीस ते ठीक हाय. पर उंदरांचं काय करतीस?”

खोटं बोलवेना. “मादी माजावर कशी येते, ते बघते.”

माझ्या आबांनी कप खाली ठेवला.

“शिकून पोरीलाच माज आलाय म्हणायचं!” पुतळाबाई म्हणाल्या. “लग्न झाल्यावर हे सोडायचं, बग.”

“नाही सोडणार.”

काम अर्ध्यावर आलं होतं. आणि ज्ञानदेवही मला हवा होता, फार हवा होता. दोन्हींतलं एक जाणार असं दिसत होतं. मला रडू येत होतं, पण मान खाली घातली नाही.

ज्ञानदेव उठला. “मग आये, मीबी नोकरी सोडतो. माझं कामबी तेच हाय. लाजेचं आसंल तर दोघांनाबी लाजेचं.”

“सरकारी नोकरी सोडतोस, मुडद्या?” पुतळाबाई ओरडल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे तुजी उंदरं. पर माझ्या सैपाकघरात न्हाई आणायची.”

ते निघाले तेव्हा दारात मी ज्ञानदेवला हळूच विचारलं, “खरंच सोडली असती नोकरी?”

“छ्या! सरकारी नोकरी कोण सोडतंय?” तो चपला घालता घालता थांबला. “पर... तुम्हाला सोडलं नसतं.”

“हो,” मी म्हटलं.

त्यानं अजून काही विचारलंच नव्हतं.