नळीतली फुंकर

बस रुक्मिणी, चहा घे. तुझ्या वैभवला माशांची पेटी हवी आहे, तर हात आखडता घेणारी बाई नाही मी. पण आधी ऐकून घे, मग काय ते बोल.

बमरोलीच्या या खोलीत माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि आमच्या ह्यांना सुचले मासे! मी म्हटलं, लोक मासे खातात, तुम्ही त्यांना खाऊ घाला. तू त्यांना भटूभाऊ म्हणायचीस ना, तुला ठाऊकच आहे, चिडायचे नाहीत कधी. कापड विणायच्या लूमवर जन्म गेला, त्या खडखडाटानं कानांनी ऐकू यायचं नाही. कामावरून आले की पेटीसमोर पाट टाकून बसायचे. हे निळ्या रेघेचे बारके मासे आहेत ना, ते त्यांचे लाडके. म्हणायचे, "सरला, ह्यांना टोळीनं ठेवावं लागतं. घोळक्यात असले की खेळतात. एकला पडला की कोपऱ्यात दबकून मरतो बिचारा."

पेटीला हवा देणारा पंप लाइटवर चालतो. उन्हाळ्यात लाइट गेली की मासे वर येऊन तोंड वासतात. मग हे काय करायचे, पंपाची नळी काढायचे आणि तोंडानं फुंकायचे. पाण्यात तो भोकाभोकांचा दगड आहे ना, त्यातून बुडबुडे निघायचे. एक लांब फुंकर, मग खोकला, मग दोन आखूड. छाती लूमच्या धुळीनं भरलेली, तोंडात सदा ओवा. मी ओरडायची, "स्वतःला श्वास पुरत नाही, आणि निघाले दान करायला!"

त्याच छातीनं गेले. शेवटी माझा हात धरून नुसतं तोंड वासायचे, त्या माशांसारखं. माझा श्वास काढून देता आला असता तर दिला असता गं. देता आला नाही, तेच अजून सलतं.

मग या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी लाइट गेली. सून साड्यांना टिकल्या लावायला बाहेर गेलेली, मी मोरीत भांडी घासत होते. पंखा थांबला, खोली गप्प झाली, आणि मला ऐकू आलं. बुड... बुडबुड... एक लांब. मग खोकल्याएवढा खंड. मग दोन आखूड.

हातातलं पातेलं तसंच टाकून आले. नळी पंपातून सुटून लोंबत होती. सगळे मासे दगडाभोवती जमून नाचत होते. आणि ओव्याचा वास... घरात ओवा नव्हता, रुक्मिणी.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण राग जास्त आला. मेल्यावरही दमायचं सोडलं नाही! म्हटलं, "सरका, दमला असाल." नळीचं टोक हातात घेतलं, तर ओलं होतं, कोमट. तोंडाला लावून फुंकलं... आणि पलीकडून ओढ लागली. पाणी नाही आलं. माझ्या छातीतली हवा कोणी ओढून घेत होतं, तहानलेला माणूस तांब्यानं पाणी पितो तशी. मी देत राहिले. रडत होते आणि देत होते.

पुढे मी लाइट जायची वाट बघू लागले. सून म्हणायची, आई, जिना चढताना तुम्हाला धाप लागते हल्ली. म्हटलं, लागू दे, वय झालं.

आणि मग परवा. दळण घेऊन आले तर नात, आमची चंचल, त्यांच्या पाटावर बसलेली. नळी तोंडात. ओठ जांभळे पडलेले.

"चंचल! काय करी राहिनी तू?"

"मी नाही काही करत आजी... आबा खेंचे छे." शाळेतली गुजराती तिच्या तोंडात. ओढताहेत म्हणे! हसत होती गं पोर, धापा टाकत. "आबांना अजून पाहिजे..."

डब्यातलं पीठ सांडलं. सुनेची कातर उचलली आणि नळी मधोमध कापली. पेटीकडे बघून ओरडले, "मन्हा श्वास ल्या! पोरना नको!" बुडबुडे बंद. मासे कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटून बसले. चंचलला पोटाशी धरलं, तिचा श्वास नीट चालू झाला, आणि मग मी हंबरडा फोडला. पोर वाचवली खरी, पण त्यांचा श्वास मीच तोडला असं वाटलं.

सकाळी उठून बघते, तर नळी जोडलेली.

गाठ मारून. लूमवर धागा तुटला की चुटकीसरशी मारतात ना, ती गाठ. सुनेला ती येत नाही. आमचा मुलगा वाल्मिक साड्यांच्या दुकानात, त्यानं लूमला कधी हात लावला नाही. आणि इतकी घट्ट, की आरपार हवा जाणार नाही. समजलं मला. पोरीचा श्वास आपल्याकडे येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच कडी लावून घेतली. भला माणूस गं.

ये अशी, गाठीला हात लाव. फुंकून बघ टोकातून. नाही ना जात? लाइट सकाळपासून नाही. पंप बंद, चंचल शाळेत, मी तुझ्यासमोर बसलेली.

आता पाण्यात बघ. येताहेत ना बुडबुडे? घाबरू नकोस. ही त्यांची फुंकर नाही, ती मी ओळखते. ही धाप आहे. बायकी.

मी जरा श्वास धरते. तू दगडाकडे बघत राहा...

थांबले होते ना बुडबुडे?

म्हणून म्हणते, पेटी नेऊ नकोस. आणि बघ, आता मी बोलायला लागले तशी कशी सुटलीय बुडबुड्यांची रांग वर.