कडोलीच्या विहिरीचा खांब

निशांतची आणि माझी ओळख झाली ती चिकोडीच्या ऑफिसात, माझ्या एका चुकीमुळं. विहिरींच्या पाण्याचा अहवाल वर्डमध्ये करताना मी एक्सेलचा चार्ट नुसता चित्र म्हणून चिकटवत होते. मागून कुणीतरी हसलं.

"असं केलासा तर दर महिन्याला नव्यानं चिकटवत बसाल, मॅडम. लिंक ठेवून पेस्ट करा. मी शीटमध्ये आकडा बदलला की तुमच्या वर्डमधल्या चार्टचा खांब आपोआप हलतोय."

"आणि तुम्ही मुद्दाम चुकीचा आकडा घातला तर?"

"तर तुम्ही फोन कराल… तेवढंच पायजे."

मग काय — रोज अकराला मी अहवाल उघडायची, आणि कडोलीच्या विहिरीचा खांब पार वर टेकलेला असायचा. मी फोनवर रागवायची. तो लबाड हसत हसत खरा आकडा घालायचा, खांब खाली यायचा. मला तो खाली आलेला बघवत नसे, हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

एका शुक्रवारी त्यानं विचारलं, "भैरवी, लगीन करूया काय गं?"

"सोमवारी सांगते."

होकार ओठांवरच होता. थोडं झुलवावंसं वाटलं, इतकंच… रविवारी सांबऱ्याजवळ ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं, तो जागीच गेला.

पंधरा दिवसांनी मी अहवाल उघडला. लिंक अपडेट करायची का, असं वर्डनं विचारलं. मी 'हो' दाबलं — आणि कडोलीचा खांब वर सरकला. घाबरून शीट उघडली. तिथं चारच मीटर पाणी होतं, शेवटचा बदल त्या शुक्रवारचा. दुसऱ्या दिवशी खांब आणखी उंच. तिसऱ्या दिवशी चौकट ओलांडून वरच्या ओळीतल्या अक्षरांवर चढला. अंगावर काटा यायचा, तरी अकरा कधी वाजतात याची मी वाट बघायची.

"आज अहवाल बेळगावला जायला पायजे," आमच्या साहेब रचनाक्का म्हणाल्या. "लिंक तोडून टाक बघू. कसा भेसूर दिसायलाय तो चार्ट."

माझं बोट थांबलं. लिंक तोडली की निशांत कायमचा जाणार होता, माझं उत्तर न ऐकताच.

"व्हय रं," मी स्क्रीनला हळूच म्हणाले. "करूया लगीन. मला उशीर झाला…"

मी कशालाही हात लावला नव्हता. खांब सावकाश उतरू लागला आणि चारवर थांबला. मी पुन्हा अपडेट केलं, दहादा केलं. तो हलला नाही.

मग माझ्या हातानं लिंक तोडली आणि अहवाल पाठवला. डोळे वाहतच होते.

"काय झालं गं?" रचनाक्कांनी विचारलं.

"माझं लगीन ठरलं, आक्का," मी म्हणाले.