रुमाल वर झालाच नाही

पवई तलावाच्या काठी एक माणूस अर्ध्या चड्डीत बसून होडीतलं पाणी डब्याने उपसत होता. मला वाटलं, नावाडी.

“अहो, इथे मगरी आहेत म्हणे?”

“आहेत. पण फार मोठ्या नाहीत.”

“आज मला या होडीत एकटीने बसायचंय... पहिलंच काम आहे. पाणी बघितलं की माझे हातपाय गळतात. पण त्या दिग्दर्शकांना सांगू नका हं. फार तुसडे आहेत म्हणे.”

“नाही सांगत,” तो शांतपणे म्हणाला.

अर्ध्या तासाने तोच माणूस पँट चढवून कॅमेऱ्याशेजारी उभा. अनंत दिघे, आमचे दिग्दर्शक. सिनेमाला पैसा लावणाऱ्या शेठनी मला फोटोवरून निवडलं होतं, त्यामुळे मी दिघ्यांना कधी पाहिलंच नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

होडीत पाय ठेवला आणि ती डुलली. मी किंचाळून परत काठावर. छत्रीखाली बसलेले शेठ म्हणाले, “जमत नसेल तर उद्या दुसरी मुलगी आणतो. त्यात काय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरच्यांशी भांडून आले होते मी मुलुंडहून.

“उत्तराबाई, चला,” अनंत म्हणाले. “मीही येतो. होडीच्या तळाशी आडवा पडेन, कॅमेऱ्यात दिसणार नाही. शॉट झाला की मी रुमाल वर करीन, कॅमेरामन भाऊ कॅमेरा बंद करतील. मागे दोर बांधलाय, तो ओढून आपल्याला काठाला आणतील.”

होडी आत सरकली. खाली काळं पाणी. तेवढ्यात माझ्या पदराचं टोक कोणीतरी मुठीत धरलं.

“समोरच्या काठाकडे बघा,” खालून आवाज आला. आवाज नंतर भरायचे होते, त्यामुळे त्यांना बोलता येत होतं, मला मात्र ओठही हलवायची बंदी. “सुरेख... असंच. एक सांगू? मला पोहता येत नाही.”

मला खाली बघावंसं वाटलं. पण नजर हलवली नाही.

“मगरींना मीही घाबरतो. आणि हसलात तर शॉट वाया जाईल.”

शॉट केव्हाच संपला असणार. रुमाल काही वर होईना... माझं काळीज धडधडत होतं. आता ते पाण्याच्याच भीतीने की कशाने, कोण जाणे.

“अहो दिघे,” काठावरून भाऊ ओरडले, “रीळ संपलं.”

मी खाली पाहिलं. एका हाताने त्यांनी फळी घट्ट धरली होती, दुसऱ्यात माझा पदर. कपाळावर घाम.

“रुमाल का नाही वर केलात?”

“एक हात सोडावा लागला असता ना. फळी सोडायची भीती वाटते—”

“आणि पदर?”

“तो... सोडायचाच नाही मला, उत्तरा.”

दोर ताणला गेला. होडी डुलली, पण मी तिचा काठ धरला नाही. मान वळवून म्हणाले, “भाऊ, सावकाश ओढा हं.”