साडूच्या गाडीचं तेल

जवळ सरका. ते दार लोटून घ्या, वारा आत येतोय. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही बरं का. ज्याच्यावर बेतली तो गॅरेजवाला माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. अजूनही विचारा, तो हेच सांगेल.

गेल्या एकोणीस नोव्हेंबरची रात्र, मंगळवार. त्या संध्याकाळी सहाला त्याचा साडू गाडी घेऊन आला. गाडी सेकंडहँड, आठ वर्षं वापरलेली, पण भली थोरली, ऑटोमॅटिक, कातडी सीटांची. पहाटे पाचला बायको-मुलीला घेऊन त्याला घाट चढायचा होता.

"साडूभाऊ, इंजिनचं तेल, कूलंट, गिअरबॉक्सचं तेल, सगळं करून टाका. तुम्हीच म्हणालात ना, जुनी मोठी गाडी घेतली की आधी एवढं करायचं, मग पुढचा ताप टळतो."

"म्हणालो होतो."

"पण कंपनी म्हणते, गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही."

"कुणाच्या आयुष्यभर?" गॅरेजवाला म्हणाला आणि दोघं हसले.

हसला खरा, पण आतून जळत होता. वीस वर्षं ग्रीसमध्ये हात याचे, आणि असली गाडी कुणाच्या दारात? तर ज्याच्या शर्टाला कधी डाग लागला नाही, त्याच्या! शिवाय बायको उठताबसता धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे गोडवे गायची. त्या दिवशीही बहिणीचं सामान बांधायला जाता जाता म्हणालीच, "धाकटीनं नशीब काढलं हो." माणूस वाईट नव्हता, पण मत्सर डोक्यात गेला की भल्याभल्यांचं तंत्र बिघडतं.

इंजिनचं तेल त्यानं चोख बदललं, कारण ते मोजायची काडी बाहेर काढली की दिसतं. कूलंटही भरलं. पण त्या गाडीच्या गिअरबॉक्सला अशी काडीच नसते. आत नवं तेल आहे की जुनं, कोण बघायला जातंय? म्हणून रात्री नऊला चार स्टँडवर चढवलेल्या गाडीखाली तो शिरला तो नुसतं फडकं घेऊन. खालचा बोल्ट पुसून चकचकीत करायचा आणि सांगायचं, बदललं. मग अडकू दे घाटात, उतरू दे सगळी ऐट. मेहुणीची तीन वर्षांची पोर त्याच गाडीत असणार, हेही त्याच्या मनात आलं. त्यानं तिकडे काणाडोळा केला.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. वर खट् असा आवाज झाला. गिअरचा दांडा हलला होता.

आता हे काम दोघांचं असतं. एक खाली तेल भरतो, दुसरा सीटवर बसून, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून एकेक गिअर टाकतो. सीटवर नेहमी त्याची बायको बसायची.

"आलीस का गं? आज नको बसायला. झालंय माझं."

त्यानं बोल्टवरून फडकं फिरवलं.

खट्.

"काय, बहिणीचं कौतुक संपलं?"

...

इंजिन सुरू झालं.

किल्ली घरात होती. खुंटीला. त्यानंच अडकवली होती.

मागची चाकं फिरू लागली. हळू. मग जोरात. तो बाजूनं सरपटायला गेला. स्टँड करकरला. बोटभर सरकला. दोन टन लोखंड छातीवर... तो थिजला.

"कोण आहे?"

...

"बंद करा हो..."

चाकं फिरतच होती.

त्याला कळलं. कसं, ते त्यालाही सांगता येत नाही. पण कळलं.

"बदलतो," तो म्हणाला. "तेल बदलतो. खरंच बदलतो."

चाकं थांबली. इंजिन बंद.

हात लांबवून त्यानं बाहेरचा पाना ओढला, बोल्ट काढला. काळंकुट्ट तेल पडलं, जळका वास आला. साडूनं आणलेले नव्या तेलाचे डबे आणि पंप तसेच ओढले. पंप मारला. नवं तेल आत गेलं.

इंजिन पुन्हा सुरू झालं. रिव्हर्स. पाच सेकंद. न्यूट्रल. पाच सेकंद. पुढचा गिअर. पाच. चाकं जागची हलली नाहीत. ब्रेक दाबलेला होता. कुठला गिअर कधी टाकायचा, हे यानं खालून सांगितलंही नव्हतं, आणि बायकोलाही कधी इतकं बिनचूक जमलं नव्हतं. जास्तीचं तेल भोकातून बाहेर आलं, थेंब थेंब झालं... त्यानं बोल्ट आवळला.

इंजिन थांबलं.

तो वाट बघत पडून राहिला. दार उघडलं नाही. कुणी उतरलं नाही. शेवटी तो बाहेर आला. सीट रिकामी होती.

पहाटे साडू बायको-मुलीला घेऊन आला. दार उघडून हसला. "साडूभाऊ, सीट एवढी मागे? तुमचे तरी पाय पोचले का?" त्यानं बटण दाबलं. सीट पुढे आली. बोट उचललं, तशी सावकाश मागे गेली, पार शेवटपर्यंत. असं तीनदा झालं.

"थांबा" म्हणायला गॅरेजवाल्यानं तोंड उघडलं. पण सांगणार काय? आणि स्वतःबद्दल काय सांगणार? गाडी फाटकातून गेली. शेजारी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "बघा कसा थाटात चाललाय!" पहिल्यांदाच त्याला साडूचा हेवा वाटला नाही. ज्या गाडीपायी इतका जळला, ती साडूची नव्हतीच.

ती मंडळी सुखरूप परत आली. गाडी आजवर एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. सीट मात्र तीन ठिकाणी दाखवली, कुणालाच काही दोष सापडला नाही. साडू अजून तिच्या पुढच्या कडेवर, स्टिअरिंगला खेटून बसतो. त्याच्या पाठीमागे त्याच सीटवर एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी राहते.