दातांचा व्हाइस

हत्यारांच्या त्या दुकानात शिरताना सगळ्यांनाच वाकावं लागायचं. पण हा गडी इतका उंच, की म्हणे डोकं दुकानात पोचलं तेव्हा पाय अजून समोरच्या फुटपाथवरच होते! कपाळ चौकटीला आपटलं, वर टांगलेल्या करवती खणखणल्या. गल्ल्यामागची मुलगी हसली नाही... नुसते ओठ दाबून बसली. हसली असती तर परवडलं असतं.

"व्हाइस हवाय," कपाळ चोळत तो म्हणाला. "लाकूड पकडायला. घरीच काम करतो, खिडकीखाली टेबल टाकलंय."

आणि सरळ सगळ्यात मोठ्या, निळ्या, लोखंडी धुडाकडे बोट दाखवलं.

"तो लोखंड कानसणाऱ्यांचा," ती म्हणाली. गल्लीत तिला पटाशी म्हणत, जिभेला तशीच धार म्हणून. "जबड्याला दात आहेत. लाकडाला चावतो."

"दात तर तुम्हालाही आहेत."

"मीही चावते."

तिने खालच्या फळीवरचा दुसरा काढला. रुंद, गुळगुळीत जबडे, आतून लाकडाचं अस्तर. "हा न्या. टेबलाच्या कडेला खालून बसतो. आणि ध्यानात ठेवा, निसटणार नाही इतकंच आवळायचं. जास्त नाही."

"हा? हा तर लाकूड धरायच्या आधी त्याची परवानगी मागेल!"

कोपऱ्यात तिच्या बाबांचं वर्तमानपत्र गदगदा हललं. बाबा हसले... परक्या माणसाच्या विनोदावर, तेही तिच्यासमोर! तिथेच ठिणगी पडली.

त्या दुकानाचा एक रिवाज होता. दाताळ व्हाइस नेणाऱ्या प्रत्येकाला लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या फुकट मिळायच्या. जबड्यांवर चढवल्या की दात झाकले जातात. पट्ट्या गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये असत. त्या दिवशी तो हट्टाने निळाच घेऊन निघाला, तरी पटाशीने ड्रॉवर उघडलाच नाही.

येईल परत नाक मुठीत धरून, ती मनाशी म्हणाली. तेव्हा बघू.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला खरा. या खेपेला कपाळ आपटलं, तरी त्याला पत्ता लागला नाही. चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्याने टॉवेलची गुंडाळी गल्ल्यावर ठेवून उलगडली. आत व्हायोलिनची मान होती. नुकती कोरलेली, अजून पॉलिश न चढलेली. आणि तिच्या दोन्ही अंगांना दातांच्या खुणांची रांग...

"मला व्हायोलिन बनवायला शिकवणारे वस्ताद आज सहाला ही बघणार," तो म्हणाला. "पास झालो तर त्यांच्या कारखान्यात कायमचा. नाहीतर... दादाने त्याच्या शहरात नोकरी बघून ठेवलीय. उद्या सकाळची गाडी."

तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. छातीत असं धडधडलं की फळीवरचे खिळेसुद्धा वाजले असतील.

"घासून काढू?" त्याने विचारलं.

"वेडे आहात का? मान बारीक होईल. वस्तादांच्या बोटांना लगेच कळेल." तिने नखाने एक खूण चाचपली. "तंतू तुटलेले नाहीत, नुसते दबलेत. दबलेलं वर येतं. बाबा, दुकान बघा!"

मागच्या खोलीत तिने इस्त्री तापवली. फडकं भिजवून पिळलं, खुणेवर ठेवलं आणि इस्त्रीचं टोक टेकवलं. चर्र... वाफ उठली. एक श्वास, दोन श्वास... उचललं.

"काही नाही झालं," तो पुटपुटला.

"गप्प बसा."

पुन्हा पाणी, पुन्हा वाफ. क्षणभर जास्त टेकली तर लाकूड करपेल, कमी टेकली तर हलणार नाही. त्याने मान दोन्ही हातांत धरलेली. तिची बोटं त्याच्या बोटांना लागत होती... कोणीच हात मागे घेतला नाही. एकेक खूण हळूहळू फुगून वर येऊ लागली, जसा उशीवरचा डोक्याचा खळगा भरून येतो. साडेपाचला फक्त एक उरली. हट्टी. काही केल्या उठेना.

"पुरे," तो म्हणाला. "वाळायला वेळ हवा. जातो मी."

टॉवेलची गुंडाळी छातीशी धरून तो दारातून वाकून गेला.

सहा वाजले. साडेसहा. पटाशीने एकाच गिऱ्हाइकाला दोनदा खिळे मोजून दिले. बाबा वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते.

सातला दाराशी सावली पडली. त्याने तो निळा धूड व्हाइस गल्ल्यावर दाणकन ठेवला.

"परत घ्याल?"

संपलं. सकाळची गाडी. तिच्या तोंडून शब्द आपसूक बाहेर पडले.

"चूक माझीय." तिने ड्रॉवर ओढून दोन पट्ट्या गल्ल्यावर टाकल्या. "या सगळ्यांना देतो आम्ही. तुम्हाला मुद्दाम दिल्या नाहीत. तुम्ही बाबांना हसवलंत म्हणून... म्हटलं, येतील परत. तुमचं असं होईल हे... तुम्ही जा, पण माझ्यावर रागावून जा. नशिबावर नको."

त्याने एक पट्टी उचलून बोटांत फिरवली. बाबांचं वर्तमानपत्र श्वास रोखून थांबलं.

"पट्ट्या लावतात हे मला ठाऊक होतं," तो हळूच म्हणाला. "वस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मान जबड्यात धरली, पट्ट्या विसरलो आणि... 'मीही चावते' म्हणताना तुमचा चेहरा कसा झाला होता, ते आठवत दांडा फिरवत बसलो. भानावर आलो तेव्हा लाकूड कुरकुरत होतं."

"मग... वस्ताद?"

"ती शेवटची खूण त्यांच्या अंगठ्याला लागलीच. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान नाकाशी नेली, वास घेतला. म्हणाले, वाफ ज्याने दिली त्याचा हात पक्का आहे. तू उद्या नऊला ये. आणि हा राक्षस आधी बदलून आण."

तिने तोंड फिरवलं. खालच्या फळीवरचा तो गुळगुळीत जबड्यांचा व्हाइस काढायला तिला फार वेळ लागला. डोळे पुसून होईपर्यंत. गल्ल्यावर ठेवला तेव्हा तिचा हात त्यावरच राहिला, आणि त्याने त्यावर आपला ठेवला.

"किती आवळू?" त्याने विचारलं.

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "निसटणार नाही इतकंच."

"लांबूशेठ," वर्तमानपत्रामागून बाबा खाकरले, "जाताना वाकून जा. चौकट मोडली तर जावयाकडूनच दुरुस्त करून घेईन!"