शेजारचा खण

शेवटच्या साध्या दिवशी आई आणि मी चोंगछिंगमध्ये वजडी खात होतो. माझं घर उत्तरेत, थ्येनचिनला. आईचं माहेर मात्र या डोंगरातल्या शहरात. दर उन्हाळ्यात ती मला इथं आणायची आणि पाहुणीला फिरवावं तशी खाऊ घालत फिरवायची. सकाळी गल्लीतल्या तिखट नूडल्स, दुपारी पू मावशींचं हॉटेल.

हॉटेल एका जुन्या बोगद्यात आहे, युद्धात बॉम्बपासून लपायला खोदलेल्या. बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत भिंतींना पाणी सुटलेलं असतं. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर लाल रश्श्याचं रुंद भांडं आणि भांड्यात पितळी जाळी. नऊ खण. अनोळखी माणसंही एकाच भांड्याभोवती बसतात. ज्याने त्याने आपल्या खणात शिजवायचं, आपल्याच खणातलं खायचं. दुसऱ्याच्या खणात आपल्या जेवणाच्या काड्या घालणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं.

आई तेच करायची. वजडीचा तुकडा काड्यांत धरून आपल्या खणात खालीवर बुडवायची आणि कडा वळल्या की माझ्या खणात सोडायची.

"वानछिंग, पोरगी चाळिशीला आली!" पू मावशी गल्ल्यावरून ओरडल्या. त्या आईच्या लहानपणच्या शेजारीण. "आता तरी तिचं तिला खाऊ दे."

"तिला जमतं कुठे? रबर करते वजडीचं."

"आणि तिरफळं वेचून बाजूला काढते. पार उत्तरेकडची झाली ग तुझी लेक."

आई हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटीच आले. वर्षभर मला कशाचीच चव लागत नव्हती. भात, मासा, औषध, सगळं सारखंच. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आईच्या शहरात चव परत येईल, एवढ्या एका आशेवर मी आले होते. सकाळच्या नूडल्सनी फक्त नाकातून पाणी काढलं.

पू मावशींनी माझा हात दाबला. गर्दी होती, म्हणून मला दोन अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवलं. मी बटाटा आणि टोफू मागवला. वजडी मुद्दामच नाही.

बटाटा काढायला काड्या घातल्या, तर वजडीचा तुकडा वर आला. कडा नेमक्या वळलेल्या.

"तुमचा इकडे आला वाटतं," मी समोरच्या जाड्या माणसाला म्हटलं.

"ताई, वजडी मी सख्ख्या बायकोलाही देत नाही."

"म्हणूनच वहिनी माहेरी आहेत," त्याचा मित्र म्हणाला आणि ठसका लागेपर्यंत हसला.

मी तुकडा बशीत काढून ठेवला.

ते दोघं जेवून गेले. दुपार ओसरली तशी टेबलं रिकामी होत गेली. बोगद्यात भिंतीवरून ओघळणारं पाणी आणि भांड्याची उकळी, एवढाच आवाज उरला. माझ्या खणात आणखी एक तुकडा तरंगत होता.

मी डावीकडच्या खणाकडे पाहिलं. त्या बाजूच्या स्टुलावर कोणी नव्हतं. रश्श्यावरचा तेलाचा थर एका जागी दुभंगत होता, मिटत होता, पुन्हा दुभंगत होता. काहीतरी आत जाऊन वर येत होतं. सावकाश, सवयीने. काड्या दिसत नव्हत्या.

मग ते थांबलं. माझ्या खणात काहीतरी पडलं. मनगटावर गरम तेलाचा थेंब उडाला.

"मावशी."

पू मावशी आल्या. त्यांनी भांड्याकडे पाहिलंच नाही. वाकून शेगडी बंद केली. एकेक खण निवत गेला.

शेजारचा उकळत राहिला.

"खाल्लंस?"

"अजून नाही."

"खाऊ नकोस, पोरी. तू खात राहिलीस तर ती टेबलावरून उठायची नाही. ओळखते मी तिला. उठू दे आता."

त्या दारापर्यंत गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्यापलीकडे रस्त्यावर पांढरं ऊन होतं.

तुकडा तसाच राहू दिला असता, तर तोही खण निवला असता. एवढं मला कळत होतं.

मी तो उचलला. लसणाच्या तेलात बुडवला. चावला.

तिरफळाने जीभ बधिर झाली. आणि त्यामागून चव आली.

शेजारची उकळी मंदावली, कोणी ऐकायला थांबावं तशी.

जन्मभर मी तिला "नको", "पुरे" एवढंच म्हणत आले होते.

"आई," मी मोठ्याने म्हटलं, "अजून वाढ."