तुळई पोखरली आहे

मालिसेबोच्या हातावर सुई टोचल्या जागी टणक गाठ आली आणि त्या गाठीने तिचा संसार मोडायला घेतला.

तिची लहानगी लिसेबो तापाने फणफणून इस्पितळात पडली होती. क्षय, असं डॉक्टर म्हणाले. मग नर्स घरी येऊन सगळ्यांना क्षयाच्या तपासणीची सुई टोचून गेली. दोन दिवसांनी तिने हात पाहिले तर सुनेचा हात सुजलेला, सासूचा किंचित, सासऱ्याचा मात्र गुळगुळीत. नवरा सीमेपलीकडे खाणीत. भावकीने परस्पर ठरवून टाकलं की रोग सुनेने आणला, तिने माहेरी जावं. पोर अर्थात इथेच राहील, लग्नात सुनेच्या माहेरी गुरं दिली होती ना.

"आईला पोरीजवळ बसूसुद्धा देत नाहीत," तिचा भाऊ मोखेले सांगत होता. "आणि बहीण माझी अशी, की रीत सोडणार नाही. सासऱ्याचं नाव सोडा, त्या नावाचा शब्दही तोंडातून काढत नाही. भांडणार काय ती?"

ऐकणारा सेखोबे पोलिसातून बाहेर पडून मफेतेंग शहरात खाजगी तपास करायचा. शेजारी त्याचा मदतनीस लेबोना. हा गाडी भरभर चालवायचा आणि विचार सावकाश करायचा.

"चल," सेखोबे म्हणाला. "आधी इस्पितळात डॉक्टरांना भेटू, मग तिच्या सासरी."

सासू मातांकीने त्यांना अंगणातच गाठलं.

"आमच्या घरात रोग नव्हता. हिच्या हाताने दाखवलं की. शिवाय खोटारडी! नर्सने सरळ विचारलं, घरात कुणाची छाती बिघडलीय? तर ही तोंड फिरवून म्हणते, घराची तुळई पोखरलीय. नवं घर आहे हो आमचं!"

लेबोना लगेच स्टुलावर चढून तुळई ठोकून आला. "ठणठणीत आहे. किडीचं एक भोक नाही."

"बघा," सासू म्हणाली.

सासरा भर उन्हात कांबळं लपेटून भिंतीला टेकला होता. खाणीत भरदार छातीमुळे त्याला सेफुबा, म्हणजे छाती, म्हणायचे. तेच नाव त्याला चिकटलं. आता कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली होती आणि उरलेलं टोक लोंबत होतं. पुढ्यातला मक्याचा घाटा तसाच होता.

"खोकला जुना आहे का, बाबा?" सेखोबेने विचारलं.

"मी खाणीतून बाहेर आलो, धूळ नाही आली," म्हातारा हसला आणि हसता हसता खोकला. "माझं सोड. पोर कशी आहे? माझ्याच कुशीत झोपायची ती."

तेवढ्यात मालिसेबो डोक्यावर पाण्याची बादली घेऊन चढ चढून आली. अंगाने भरलेली, धाप नाही. बादली ठेवून तिने भिंतीवर वाळत घातलेलं म्हाताऱ्याचं दुसरं कांबळं उलटं केलं.

"धुतलंत?" सेखोबेने विचारलं.

"धुतलं नाही. रोज सकाळी ओलं असतं," ती खाली बघत म्हणाली. मग सासऱ्याकडे पाठ करून आत गेली.

संध्याकाळी भावकी जमली. सेखोबे उभा राहिला.

"गाठ म्हणजे जंतू अंगात शिरला, एवढंच. याच घरात शिरला असेल. अंग त्याला दाबून आहे. ही बाई खोकत नाही, वाळत नाही. ही आजारी नाही."

"मग गुळगुळीत हात?" कुणीतरी विचारलं.

"मीही डॉक्टरांना तेच विचारलं. ते म्हणाले, माणूस आतून पार खचला असेल तर त्याच्या अंगात गाठ उठवण्याचंही बळ राहत नाही. मग इथे पाहिलं तर पट्ट्याला भोकं, ताटात अन्न तसंच, उन्हात थंडी आणि रात्रीच्या घामाने भिजलेलं कांबळं. पोर त्याच कांबळ्यात झोपत होती."

सगळे म्हाताऱ्याकडे बघू लागले.

"हिला माहीत होतं, तर बोलली का नाही?" सासू ओरडली.

"बोलली. नर्सने छाती म्हटलं. छाती म्हणजे सेफुबा. तो शब्द जिभेवर आणायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग घराचा भार पेलणाऱ्याला ती तुळई म्हणाली. तुम्ही छपराकडे पाहिलंत."

"मी तर चढलो," लेबोना पुटपुटला.

म्हाताऱ्याच्या थुंकीच्या तपासणीत सेखोबेचं म्हणणं खरं ठरलं. सून घरी राहिली, पोरीजवळ बसायची मुभाही मिळाली. पण रोग पोरीच्या मेंदूला पोचला होता. औषध चालू आहे, पण उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले. सेखोबेला हे कुठल्या गुन्हेगाराच्या माथी मारावं कळेना. त्याचा जीव नुसता तडफडत राहिला.

म्हाताऱ्याला वॉर्डात बंदी होती. तो तोंडाला फडकं बांधून सेखोबे आणि लेबोनासोबत बाहेर, खिडकीपाशी उभा होता. आत लिसेबोचे डोळे उघडे होते, पण आईकडेही वळत नव्हते.

"मला ओळखेल का गं?" म्हाताऱ्याने काचेतून विचारलं.

मालिसेबोने रीतीप्रमाणे नजर खाली ठेवली. "ओळखते. आत्ताच तुम्हाला विचारत होती."

म्हातारा हळूहळू भिंतीला धरून खाली बसला.

गाडीत लेबोना म्हणाला, "म्हणजे पोर सुधारतेय तर."

"गाडी चालव," सेखोबे म्हणाला.